बंद झालेल्या पदार्थांची हुरहुर

गेलेल्या अन्नाची आठवण काढून हळहळणें ही माणसाची फार जुनी संवय आहे. आजीच्या हातची आमटी, माहेरचें लोणचें, शिक्षणाच्या दिवसांत जवळ केलेल्या आणि पुढें बंद पडलेल्या खाणावळींतली भाकरी, ह्यांविषयीं बोलतांना कोणासही संकोच वाटत नाहीं. ऐकणाराही त्या बोलण्यांत आपली एखादी आठवण मिसळून देतो. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत ह्या जुन्या हळहळीचा एक नवाच प्रकार, विशेषतः अमेरिकेंत, दिसूं लागला आहे. ज्या पदार्थाला आजी नाहीं, गांव नाहीं आणि खरें पाहतां स्वतःचें असें स्वयंपाकघरही नाहीं. जो एका कंपनीच्या कचेरींत ठरला, कारखान्यांत अर्धा तयार झाला आणि हजारों दुकानांतून एकाच चवीनें विकला गेला, असा पदार्थ कंपनीनें यादींतून गाळला, तरीही माणसें हळहळतात. तीं कंपनीला पत्रें लिहितात, अर्जांवर सह्या गोळा करतात, आणि पदार्थ परत आला तर त्यासाठीं रांगा लावतात. बाहेरून पाहणाऱ्यास ही गोष्ट हंसण्यासारखी वाटते. परंतु थोडें खोलांत गेल्यास हिच्यांत व्यापाराचें गणित, स्मृतीचें शास्त्र आणि पंक्तीला बसण्याच्या हक्काचा प्रश्न, हीं तिन्ही एकत्र आलेलीं दिसतात.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, पदार्थ गाळणें हा फास्ट फूडच्या धंद्यांतील अपघात नव्हे; त्या धंद्याचा जन्मच पदार्थ गाळण्यांतून झाला आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो ह्या गांवीं रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड ह्या बंधूंनीं १९४० सालीं एक उपाहारगृह काढलें. भाजलेलें मसालेदार मांस ही तेथील मुख्य वस्तु होती, यादींत सुमारें पंचवीस पदार्थ होते, आणि गिऱ्हाइकांच्या मोटारीपर्यंत खाणें पोंचविण्यासाठीं मुली नेमलेल्या होत्या. धंदा उत्तम चालला होता. तरीही १९४८ सालीं त्यांनीं सुमारें तीन महिने दुकान बंद ठेवलें. विक्रीचे हिशेब तपासतां त्यांना आढळलें होतें कीं, बहुतेक उत्पन्न एकट्या हॅम्बर्गरचें, म्हणजे पावांत घातलेल्या मांसाच्या चपट्या वडीचें, आहे. डिसेंबरांत दुकान पुन्हां उघडलें तेव्हां यादी नऊ पदार्थांवर आली होती. भाजलेलें मांस गेलें, मोटारीशीं येणाऱ्या मुली गेल्या, बशा आणि कांटे-चमचेही गेले, आणि हॅम्बर्गर पंधरा सेंटांना मिळूं लागला. आरंभीं कांहीं जुनीं गिऱ्हाइकें दुकानासमोर मोटार उभी करून भोंगा वाजवीत आणि कोणी बाहेर येत नाहीं असें पाहून निघून जात. बंद झालेल्या पदार्थांसाठीं हळहळणाऱ्यांची ही पहिली पिढी म्हणतां येईल. पुढें त्या नव्या पद्धतीनें अर्धें जग व्यापलें आणि ती पिढी विस्मृतींत गेली.

ह्या धंद्याचें गणित सोपें परंतु कठोर आहे. पदार्थ एक-दोन मिनिटांत हातीं आला पाहिजे, तो स्वस्त असला पाहिजे, आणि हजार मैलांवरील दुकानांतही तसाच लागला पाहिजे. ह्या तिन्ही अटी पाळावयाच्या तर स्वयंपाकघरांतील जिन्नस आणि हालचाली मोजक्याच ठेवाव्या लागतात. म्हणून एखादा पदार्थ बरा खपतो एवढ्यानें भागत नाहीं. त्याला लागणारें सामान दुसऱ्या चार पदार्थांनाही उपयोगी पडावें लागतें. ज्याच्यासाठीं निराळी चटणी, निराळें खोकें किंवा चार क्षण अधिक लागतात, तो पदार्थ यादी छाटण्याच्या वेळीं सर्वांआधीं डोळ्यांवर येतो. घरची गृहिणी एका माणसाच्या आवडीसाठीं वेगळी फोडणी करते. हजारों दुकानांच्या साखळीला तसें करणें परवडत नाहीं.

कधीं कधीं पदार्थ स्वतः निर्दोष असूनही बाहेरच्या कारणासाठीं बळी पडतो. १९८० नंतरच्या दशकांत मॅकडॉनल्ड्स कंपनीनें 'मॅकडीएलटी' नांवाचा हॅम्बर्गर काढला होता. त्याचें खोकें दोन कप्प्यांचें असे. एका कप्प्यांत गरम मांस आणि दुसऱ्यांत थंड कोशिंबिरीचा पाला व टोमॅटो, आणि खाणाऱ्यानें आयत्या वेळीं दोन्ही एकत्र करावयाचीं. हें खोकें पॉलिस्टायरीन ह्या हलक्या, फेसाळ प्लास्टिकचें होतें. कचऱ्याच्या वाढत्या प्रश्नावरून टीका झाल्यामुळें कंपनीनें नोव्हेंबर १९९० मध्यें अशीं खोकीं सोडून देण्याचें जाहीर केलें. मॅकडीएलटीचें सारें वैशिष्ट्य त्या खोक्यांतच होतें. तोही लौकरच नाहींसा झाला. त्याच कंपनीची तळलेली सफरचंदाची गोड पुरी १९९२ सालापासून अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं भट्टींत भाजलेली मिळूं लागली. तिचें कुरकुरीत, फोड आलेलें कवच ज्यांना आठवतें ते आजही नव्या पुरीला जुनें नांव देण्यास नाखूष असतात.

आतां प्रश्न असा कीं, इतक्या साध्या, बाजारी पदार्थांवर माणसांचा एवढा जीव कां जडावा? ह्याचें पहिलें उत्तर शरीरांतच आहे. डोळ्यांनीं पाहिलेल्या आणि कानांनीं ऐकलेल्या गोष्टींचे संदेश मेंदूंतील थॅलॅमस नांवाच्या मधल्या ठाण्यावरून पुढें जातात. गंधाचा संदेश मात्र हें ठाणें टाळून, भावना आणि स्मृति ह्यांच्याशीं निगडित असलेल्या भागांजवळ थेट पोंचतो. आणि ज्याला आपण चव म्हणतों तिचा फार मोठा भाग वस्तुतः गंधच असतो. मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असेंही आढळलें आहे कीं, शब्द किंवा चित्रें दाखवून जाग्या केलेल्या आठवणी बहुधा तारुण्याच्या असतात, परंतु वासानें जाग्या झालेल्या आठवणी बऱ्याच वेळां वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात. ज्या मुलाचा वाढदिवस अशा दुकानांत झाला, परीक्षेच्या निकालानंतर ज्याला वडिलांनीं तेथें नेलें, त्याच्यापुरतें तें दुकानच बालपणाचा एक कोपरा होऊन बसतें. पदार्थ कंपनीचा असला तरी त्याला चिकटलेला दिवस त्या मुलाचा असतो.

दुसरें उत्तर कालाच्या स्वरूपांत आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें १६८८ सालीं बाझेल येथील आपल्या प्रबंधांत प्रथम बनविला. घरापासून दूर राहिलेल्यांना, विशेषतः परमुलखीं चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांना, जडणाऱ्या झुरणीचें तें नांव होतें. 'घरीं परतणें' आणि 'वेदना' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानें तें घडविलें. तेव्हां ती व्याधि मानली जाई आणि घरीं परत पाठविणें हा तिच्यावरील खरा उपाय समजला जाई. पुढें शब्दाचा अर्थ बदलला. हुरहुर स्थळाची न राहतां काळाची झाली. स्थळीं परत जातां येतें, काळांत जातां येत नाहीं. परंतु जो पदार्थ वर्षानुवर्षें तसाच मिळत असतो तो कांहीं क्षण तरी ही अडचण विसरावयास लावतो. घर विकलें गेलें, शाळा पाडली गेली, माणसें पांगलीं, तरी तो घांस तसाच लागतो. एकसारखेपणा हा ज्या धंद्याचा व्यापारी गुण, तोच अशा रीतीनें स्मृतीचा आधार बनतो. आणि म्हणूनच पदार्थ गाळला गेला म्हणजे कंपनीनें आपला शब्द मोडला असें खाणाऱ्यास वाटतें.

कोका-कोला कंपनीला हा धडा १९८५ सालीं मिळाला. सुमारें दोन लाख लोकांना चाखावयास देऊन पाहतां नवी, अधिक गोड चव बहुतेकांना आवडली, म्हणून तिनें २३ एप्रिल रोजीं जुनें पेय बदललें. लोक इतके संतापले कीं ११ जुलै रोजीं जुनी चव परत आणण्याचें जाहीर करावें लागलें. घोटभर पेयाची परीक्षा बरोबरच झाली होती. परंतु त्या परीक्षेंत चवीविषयीं विचारलें गेलें, सहवासाविषयीं नव्हे. मराठी घरांना ह्याहून जवळचें उदाहरण गोल्ड स्पॉट ह्या नारिंगी पेयाचें आहे. मुंबईच्या पार्ले कंपनीनें १९९३ मध्यें आपलीं पेयें कोका-कोलाला विकलीं. त्यांपैकीं थम्स अप टिकलें. गोल्ड स्पॉट पुढें बाजारांतून गेलें, आणि लग्नकार्यांत गारेगार बाटल्यांची वाट पाहिलेल्या पिढीच्या बोलण्यांत तेवढें उरलें.

तथापि स्मृतीची साक्ष नेहमीं निर्मळ असते असें मानूं नये. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनीं १९३२ सालींच दाखवून दिलें कीं, आठवणें म्हणजे पेटींत ठेवलेली वस्तु बाहेर काढणें नव्हे. माणूस प्रत्येक वेळीं ती वस्तु नव्यानें रचीत असतो. शिवाय एकाची गोड आठवण दुसऱ्याच्या दृष्टीनें अगदी वेगळी असूं शकते. मॅकडॉनल्ड्सचे तळलेले बटाट्याचे काप हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. अमेरिकेंत १९९० पर्यंत ते मुख्यतः गाईच्या चरबींत तळले जात, आणि त्यांची ख्याति त्या चरबीवरच होती. फिल सोकोलॉफ नांवाच्या ओमाहा येथील एका धनिकानें, स्वतःला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर, चरबीविरुद्ध मोहीम उघडली. वृत्तपत्रांतून पानभर जाहिराती देऊन त्यानें बड्या कंपन्यांना जाब विचारला. जुलै १९९० मध्यें मॅकडॉनल्ड्सनें वनस्पतिजन्य तेल वापरण्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून जुन्या कापांची चव गेली असें म्हणणारे लोक आजही भेटतात. २०२५ सालीं 'स्टेक अँड शेक' ह्या दुसऱ्या एका साखळीनें मुद्दाम गाईच्या चरबीकडे परत जाऊन ह्याच हळहळीला हांक घातली.

परंतु हीच कथा अमेरिकेंतील शाकाहारी हिंदूंच्या बाजूनें पाहिली तर ती पालटते. तेल बदलल्याचें ऐकून त्यांच्यापैकीं अनेकांनीं ते काप निःशंकपणें खाल्ले. पुढें असें उघडकीस आलें कीं, काप कारखान्यांत तयार होतांना त्यांना लावल्या जाणाऱ्या 'नैसर्गिक स्वादा'त गोमांसाचा अंश होता. मे २००१ मध्यें सिॲटल येथें फिर्याद दाखल झाली, आणि २००२ सालीं कंपनीनें क्षमा मागून शाकाहारी व धार्मिक संस्थांना वगैरे एक कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें. ह्या प्रकरणाचे पडसाद मुंबई-ठाण्यांतही उमटले. तेथील दुकानांपुढें निदर्शनें आणि मोडतोड झाली. भारतांतील कापांत गोमांसाचा अंश नाहीं, असा खुलासा तेव्हां कंपनीला करावा लागला. ज्या स्वादासाठीं एक समाज झुरत होता, त्याच स्वादाचा अंश पोटांत गेल्याचें कळून दुसरा समाज व्यथित झाला. जुन्या चवीचा गौरव करतांना ती कोणासाठीं गोड होती हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

ह्याच प्रश्नाची उलट बाजू टॅको बेल कंपनीच्या 'मेक्सिकन पिझ्झा'नें दाखविली. हा पदार्थ इटलीचाही नाहीं आणि मेक्सिकोचाही नाहीं. १९८५ सालीं तो अमेरिकेंत निघाला. मैद्याच्या दोन कडक तळलेल्या पोळ्या, त्यांच्यामध्यें घोटलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा आणि मांसाचा थर, वर तिखट-आंबट रस्सा, वितळलेलें चीज आणि टोमॅटो, असें त्याचें रूप आहे. ह्यांतील मांस वगळून नुसते दाणे घालावयास सांगतां येत असे. ही सोय क्षुल्लक वाटेल, परंतु १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेंत गेलेल्या भारतीय कुटुंबांच्या दृष्टीनें ती क्षुल्लक नव्हती. गुजराती, दक्षिणी, पंजाबी तशींच मराठी कुटुंबें त्यांत होतीं. हमरस्त्यावरील दुकानांत त्यांच्यांतील शाकाहाऱ्यांना बहुधा बटाट्याचे काप आणि पाव एवढेंच मिळे, आणि त्या कापांची हकीकत काय होती हें वर आलेंच आहे. अशा वेळीं घेवड्याचा, तिखट लागणारा, चार जणांत तोडून खातां येणारा आणि खिशाला परवडणारा एक पदार्थ मिळणें म्हणजे आपल्यासाठींही येथें पान मांडलें आहे असें वाटणें होय. शाळेंतल्या मित्रांबरोबर गेलेल्या मुलाला आपला डबा झांकून ठेवावा लागत नसे, कीं आपण कां खात नाहीं ह्याचें स्पष्टीकरण द्यावें लागत नसे.

२०२० च्या कोरोनाच्या साथींत बहुतेक कंपन्यांनीं आपल्या याद्या छाटल्या. मॅकडॉनल्ड्सनें २०१५ पासून चालविलेली दिवसभराची न्याहारी बंद केली. टॅको बेलनें ऑगस्टमध्यें बटाट्याचे पदार्थ काढले आणि ५ नोव्हेंबर रोजीं मेक्सिकन पिझ्झाही काढला. त्याच्या खोक्यांना वर्षाला सुमारें ३२ लाख किलो पुठ्ठा लागतो, असें एक कारण कंपनीनें सांगितलें. कारण खोटें नव्हतें. स्वयंपाकघराच्या हिशेबांत बसणारेंच होतें. परंतु त्या हिशेबांत शाकाहारी मुलाच्या पानाचा रकाना नव्हता. भारतीय वंशाच्या एका तरुणानें पदार्थ परत आणावा म्हणून विनंतीअर्ज मांडला, त्यावर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि ह्या साध्या पदार्थानें आपल्या घरांत काय स्थान मिळविलें होतें हें अनेक भारतीय-अमेरिकन लेखकांनीं वृत्तपत्रांतून सांगितलें. बटाटे मार्च २०२१ मध्यें परत आले. मेक्सिकन पिझ्झा १९ मे २०२२ रोजीं परतला. मागणी इतकी निघाली कीं कांहीं आठवड्यांतच सामान संपलें, आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून तो कायमचा म्हणून यादींत आला. ज्यांनीं सह्या केल्या ते सगळे शाकाहारी होते असें नव्हे. कित्येकांना नुसती जुनी चव हवी होती. परंतु ह्या प्रकरणानें एक गोष्ट स्पष्ट झाली. हळहळीच्या पोटीं कधीं कधीं अगदी व्यवहारी गरज असते, आणि विक्रीच्या आंकड्यांत जी दिसत नाहीं ती गरज पदार्थ गेल्यावरच बोलूं लागते.

अर्थात् कंपन्याही ही भाषा शिकल्या आहेत. डुकराच्या मांसाला बरगडीचा आकार देऊन केलेला 'मॅकरिब' १९८१ सालीं निघाला, १९८५ सालीं गेला, १९८९ सालीं परतला, आणि २००५, २००६ व २००७ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्याचे 'निरोपाचे दौरे' काढले गेले. इतक्या वेळां निरोप घेणारा पाहुणा खरोखर जाणार नसतो, हें उघड आहे. त्याच्या जाण्यानेंच त्याची किंमत वाढते. एक कार्टून मालिकेंतील विनोदामुळें १९९८ सालच्या एका चटणीची अशीच मागणी उठली. ७ ऑक्टोबर २०१७ रोजीं मॅकडॉनल्ड्सनें ती एका दिवसापुरती आणली तेव्हां दुकानांत मोजक्याच पुड्या होत्या आणि रांगेंतल्या लोकांचा क्षोभ इतका झाला कीं कंपनीला माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०१८ मध्यें तिनें दोन कोटी पुड्या बाजारांत आणल्या. ह्या रांगेंतल्या अनेकांनीं १९९८ सालीं ती चटणी चाखलीही नसावी. न भोगलेल्या काळाची हुरहुरही विकतां येते, हें व्यापाऱ्यांनीं ओळखलें आहे. म्हणून प्रत्येक हळहळ पूज्य मानण्याचें कारण नाहीं; तिच्यामागें गरज आहे, स्मृति आहे कीं नुसती जाहिरात आहे, हें निवडून पाहिलें पाहिजे.

महाराष्ट्रांतील खाणाऱ्याला ह्या साऱ्या प्रकारांत एक फरक जाणवेल. वडा-पाव हा सुद्धां झटपट खाण्याचाच पदार्थ आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य ह्यांनीं तो प्रथम विकला असें सर्वसाधारणपणें सांगितलें जातें. परंतु वडा-पाव बंद करण्याचा अधिकार कोणाच्याही हातीं नाहीं. एक गाडी उठली तर तिच्या चवीसाठीं त्या गल्लींतले लोक हळहळतील. पण दुसऱ्या नाक्यावर कढई चढलेलीच असते, आणि मिसळीचा कट एका गांवीं बिघडला तरी दुसऱ्या गांवीं तो उकळत असतो. ज्या पदार्थाची कृति लोकांच्या हातांत असते तो हळूहळू बदलतो, कुठें बिघडतो, कुठें सुधारतो, परंतु एका बैठकींतील ठरावानें नाहींसा होत नाहीं. कंपनीच्या पदार्थाची गोष्ट उलट आहे. तो सर्वत्र सारखा मिळतो हें त्याचें सामर्थ्य, आणि एकाच दिवशीं सर्वत्र संपतो ही त्याची दुर्बलता. दोहोंचें मूळ एकच आहे.

मेक्सिकन पिझ्झा बंद होता त्या दीड वर्षांत अनेकांनीं तो घरीं करून पाहिला. पोळ्या तळणें, दाणे घोटणें आणि चीज वितळविणें ह्यांत अवघड असें कांहींच नव्हतें. घरचा पदार्थ दुकानासारखा तंतोतंत लागत नसेल. पण त्यानंतर तो पदार्थ कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाहीं, आणि त्यांत हिरवी मिरची किती घालावी हेंही घरचेंच माणूस ठरवूं लागलें. बंद झालेल्या पदार्थांसाठीं हुरहुरणाऱ्यांना ह्यापेक्षां चांगला मार्ग सांगणें कठिण आहे. आणि जीं घरें केवळ आजीच्या आमटीसाठीं हळहळतात त्यांनाही तोच लागू पडतो: करणारें माणूस आहे तोंवर कृति विचारून, प्रमाणासह वहींत उतरून घ्यावी, आणि पुढच्या पिढीच्या हातून एकदां करवून घ्यावी.